दोघींच्या मापाचा रथ

थिमी, असोज २४

तता,

पाया पडते. लांबूनच पडते, म्हणजे तुला पाय मागे ओढून घ्यायला कारण नको.

रमिला, माहेरची नवी सूनबाई, तू वाचतेयस हे मला ठाऊक आहे. मोठ्यानं वाच. ततांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डाव्या बाजूला बस. आणि मधलं काही गाळू नकोस. मागच्या वेळी 'म्हातारी अजून घोरते का' हे तू गाळलंस. मला कसं कळलं? तिनं उत्तरात त्यावर शिवी दिली नव्हती.

साहूच्या दुकानात आता फोन आलाय. पण तू फोनवर 'हं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. एक 'हं' ऐकायला मी गुडघे धरत दुकानापर्यंत जाऊ? त्यापेक्षा कागद बरा. गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले ते कुठंतरी कामी यायला हवं. तू थोरली बहीण म्हणून मला पाठुंगळी घेऊन शाळेच्या दारात सोडायचीस आणि स्वतः शेण गोळा करत परत जायचीस. म्हणून आज मी लिहिते आणि तू ऐकतेस. उलटं असतं तर तू एका ओळीत आटपलं असतंस.

तर बातमी ऐक. जोशी येऊन गेला. पंचांगात नाक खुपसून म्हणाला, चिनीमायाचं जंको दोन महिन्यांत, मंसिरात येतंय, सत्याहत्तर वर्षं पुरी होऊन वर सात महिने. मी म्हटलं, "चुकलं असेल बुवा, परवाच तर लग्न होऊन आले." त्याला हसू आलं नाही. जोशांना हसू येत नाही. पुढचं सगळं आधीच ठाऊक असल्यावर कसलं हसू.

म्हणजे आता मला रथात बसवणार, गावातून ओढत फिरवणार, आणि खाली उतरेपर्यंत मी देव झालेली असणार. मी! जिनं शेजारणीच्या कोंबड्याच्या पायात घुंगरू बांधलं होतं, ती. आणि एकदा रथ फिरला की त्या माणसानं कुणापुढे वाकायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्यापुढे वाकायचं. वयानं मोठे असतील त्यांनीसुद्धा. तता, म्हणजे तू माझ्या पाया पडायची! आण बरं डोळ्यांपुढे. मी आणलं आणि पोट धरून हसले. मग तांदूळ निवडताना हसू थांबलं. ते काही बरोबर नाही.

म्हणून जोशाला विचारलं, "माझ्या ततानं हजार पौर्णिमा बघितल्या, तिचं काय?" त्यानं बोटं मोजली. म्हणाला, हेरामायाचं त्र्याऐंशीचं, म्हणजे दुसरं जंको, याच सुमाराला येतं, दोघींचं एकाच दिवशी होईल. "पण पहिलं झालंय ना?" मी नाही म्हटलं. पहिलं कुठं झालं? आपल्या दोघींचा म्हातारा नेमका त्या वर्षी गेला. घरात वर्षभर पांढरं, ना बाजा ना भोज, आणि तुझा मुहूर्त त्या पांढऱ्यात निघून गेला. जन्मभर जेवायला वेळेवर न येणारा माणूस, मरायची तेवढी घाई केली. जोशी म्हणाला, मागचं राहिलं म्हणून पुढचं अडत नाही.

तेव्हा तू ये. आधी तू रथात चढ, मग मी. तू वर नसशील तर मी पायरीवर पाय ठेवणार नाही, हे मी आपल्या पोराला, पंचलालला सांगितलंय. तो म्हणाला, "येऊ दे की."

आणि आपली पणती, मैचा, तीही मंसिरातच दोन वर्षांची होतेय. तिच्या गळ्यात तांदळाच्या उकडीच्या योमरींची माळ घालायची. माझ्या योमरी वाफेवर ठेवल्या की तोंड उघडतात, आतला गूळ सगळा खाली. माझ्यासारख्याच, पोटात काही ठेवत नाहीत. तुझ्या हातच्या शेपटीवाल्या हव्यात.

तुझी बहीण आणि तुझी सवत. आधी कोणतं लिहावं ते मला अजून कळलेलं नाही.

चिनीमाया


थिमी, कात्तिक, म्हपूजेच्या दुसऱ्या दिवशी

तता,

तुझं उत्तर आलं. रमिलाचं अक्षर मोत्यासारखं आणि तुझे शब्द ढेकळासारखे. 'ज्याला ओढणारं कुणी नाही त्यानं रथाची गोष्ट काढू नये.' बस? पनौतीहून एवढा मोठा कागद आला आणि त्यावर एक ओळ? कोऱ्या जागेवर मी मैचाचा पंजा ठेवून कडेनं रेघ ओढून घेतली. तोच कागद परत पाठवतेय. अंगठा जरा वाकडा आलाय. ती हसत होती, मी काय करू.

आता एक सांगते. पंचलाल 'येऊ दे की' असं म्हणाला नव्हता. ते मी घातलं. चाकावर दह्याचं मडकं चढलं होतं, ते तसंच फिरतं सोडून तो बाहेर गेला. मडकं बसलं.

तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, मग कशाला लपवायचं. त्या पांढऱ्या वर्षात तू त्याला म्हणालीस, "ज्या पोटातून आलास तिकडे जा. मी कोण तुझी?" कशावरून? तर त्यानं आवा कच्चा उघडला आणि मडकी तडकली म्हणून. तुझं दुखणं मडक्यांचं नव्हतं. तुझा रथ गेला होता. पण ते तू कुणाजवळ काढलं नाहीस. आणि तोही एवढा बाप्या, पोरांचा बाप, त्यानं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "मां, चहा दे." मी मागे वळून बघितलं, तू आलीस की काय म्हणून. तू आलीच होतीस. दारात उभी होतीस. त्याच दिवशी गाठोडं बांधून माहेरी गेलीस.

तता, मी हे कधी बोलले नाही. पोटातून मी काढला, पण सासूनं ठरवून टाकलं, थोरलीच्या मांडीवर मूल आणि धाकटीच्या हातात माती. तो तुला मां म्हणायला शिकला आणि मला चमा. मावशी. मी हसून ओ द्यायचे. लोक म्हणायचे, चिनीमाया किती हसरी! आतून मला वाटायचं, यानं एकदा मला मां म्हणावं. चुकून का होईना. ताप आल्यावर भ्रमात का होईना. तापातही तुलाच हाक मारायचा, मेला.

आता सहा वर्षं म्हणतोय. आणि मला ते तांदळाच्या तुसासारखं लागतं. चावायचं कसं, गिळायचं कसं. ती हाक मला नसतेच. ती तुला मारत नाही, एवढंच तो मला सांगत असतो.

रमिला, नाक पुसून घे आणि पुढं वाच. पुढं बरं आहे.

काल म्हपूजा झाली. ज्याच्या त्याच्या देहाची पूजा, म्हणून मी नेहमीसारखी ओळीनं मंडलं काढली. पंचलालचं, त्याच्या बायकोचं, नातवाचं, नातसुनेचं, मैचाचं बशीएवढं, आणि माझं. मग माझ्या वरच्या बाजूला आणखी एक काढलं.

नानीछोरी म्हणाली, "मां, एक जास्त झालं."

मी म्हटलं, "माझे डोळे गेलेत बाई. मला मोजता येत नाही."

आपली सून हुशार. पदर तोंडाला लावून आत गेली. पंचलाल प्रत्येकाच्या मंडलावर अक्रोड ठेवत आला. त्या जास्तीच्यापाशी थांबला. मला वाटलं, आता पायानं पुसतो. त्यानं टोपलीत हात घालून चाचपलं, सगळ्यात मोठा अक्रोड काढला, त्यावर ठेवला आणि पुढे गेला. मूग गिळून बसण्यात तुझाच चेला.

सगळ्यांनी आपापले अक्रोड फोडले. तुझा मी उचलून ठेवलाय. तो तूच फोडायचा.

चिनीमाया


थिमी, मंसिर ६

तता,

रमिलानं तुझ्या पत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की निनींनी, म्हणजे तू, तो पंजाचा कागद उशीखाली ठेवलाय. रमिला, हे मोठ्यानं वाचायचं नव्हतं. वाचलंस? धन्य आहेस. आता खा शिव्या.

तू कळवतेस की माहेरचं सगन रमिलाबरोबर पाठवते. वा! माझं जंको, आणि माहेरून अंडं, मासा आणि ऐला दारूची बाटली घेऊन कोण येणार, तर काल लग्न होऊन आलेली पोर? माहेरचं सगन थोरल्या माणसानं हातावर ठेवायचं असतं. माहेरी आता थोरलं कोण उरलंय? तूच. भाऊ गेला, भावजय गेली. उरलो आपण दोघी, त्यातली एक इथं देव व्हायला निघालीय आणि दुसरी तिथं रुसून बसलीय. आणि बाटली रमिलाच्या हाती देऊ नकोस. बनेपात बस बदलताना ती सांडेल. तू पोटाशी धरून आणशील. तुझं पोट त्या कामाला चांगलं आहे.

आता रथाचं ऐक. सुतारानं सांगाडा करून दिला. आसन मात्र पंचलाल स्वतः ठोकतोय. मातीत जन्म गेलेला माणूस, रंधा उलटा धरतो, पण दुसऱ्याला हात लावू देत नाही. मी बघायला गेले तर आसन हे एवढं रुंद. मी म्हटलं, "अरे, माझ्याशेजारी म्हैस बसवतोस की काय?"

तो मान खाली घालून रंधा मारत होता. म्हणाला, "मां जाड आहे. तिला ऐसपैस लागतं."

आणि त्याचा हात थांबला.

तता, मी काठी आहे. वारं सुटलं की नानीछोरी मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांबरोबर आत घेते. मग तो कुणाचं माप धरून ठोकत होता? कान लाल झाले त्याचे. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. बसले असते तर तो पुढं काही बोलला असता. पण माझी जीभ! मी म्हटलं, "मी जाड? थांब, आरशात बघून येते." तो हत्यारं टाकून उठला. माझं असंच होतं बघ. जिथं थांबायचं तिथं माझ्या तोंडातून गंमत निघते, आणि समोरचं माणूस उठून जातं.

पण आसन दोघींच्या मापाचं आहे. हे मी घातलेलं नाही. येऊन बघ.

रथ मंसिर विसाला सकाळी निघतो. बालकुमारीच्या देवळापासून कुंभारांच्या चौकाकडे. मैचाची माळ त्याच दिवशी घालायची. मी योमरी केल्या नाहीत. करणारही नाही.

तुझी बाजू उजवी. मी डावी घेते, म्हणजे तुझ्या चांगल्या कानाशी बोलता येईल.

चिनीमाया


मंसिर २३

तता,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. बसमध्ये मांडीवर लिहितेय, म्हणून अक्षर नाचतंय. रमिला, हे वाचताना हसायचं नाही.

विसाला मी रथात चढले. एकटी. तुझ्याशिवाय पायरीवर पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, पण ठेवला. भोज शिजून तयार होतं, बाजेवाले आले होते, जोशी मुहूर्त मुहूर्त करत होता. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. मग नानीछोरीनं हात धरला आणि मी चढले. उजवी बाजू रिकामी. लोक फुलं आणि लाह्या टाकायला लागले तर सगळ्या त्या रिकाम्या जागेवर पडायला लागल्या. माझ्या अंगावर थोड्या आणि तिथं ढीग. मी पंचलालला वरून म्हटलंसुद्धा, "बघ रे, देव तिकडे बसलाय." तो दोरीला पुढे होता. त्यानं मागे बघितलं नाही.

कुंभारांच्या चौकात मडकी वाळत होती. तिथं उतार आहे, तुला ठाऊकच आहे. सगळेजण रथ धरून हळूहळू खाली सोडत होते. वाटसरूंच्या ओट्यावर तू उभी होतीस. मी तुला पाहिलं नाही गं. माझ्या डोळ्यांत अबीर गेला होता. पंचलालनं पाहिलं.

दोरी त्याच्या हातातून सुटली. आणि तो ओरडला, "मां!"

बाजा चालू होता तरी सगळ्या चौकानं ऐकलं. लहानपणी डबक्यात पडला होता, तेव्हा ओरडला होता ना, तसा.

आणि मी ओ दिली.

वरून, सगळ्यांदेखत. "काय रे, एवढ्यात दमलास? ओढ, ओढ! मी काय रोज रोज देव होते?"

चौक हसला. बाजेवाल्यांनी वाजवायचं सोडून हसून घेतलं. त्या हसण्यात तू पदर पुढे ओढलास आणि मागच्या गल्लीत गेलीस. हे मला नंतर ओट्यावरच्या बायकांनी सांगितलं. तो तुझ्यामागं धावला होता. पण दोरी सुटलेली आणि खाली उतार, रथ मडक्यांवर जायला लागला. लोक ओरडले, "धर, धर, आई पडेल!" तो अर्ध्या गल्लीतून परत आला आणि त्यानं दोरी धरली. मी म्हटलं, "मला उतरवा." जोशी म्हणाला, देवाला अर्ध्या वाटेत उतरवत नाहीत. मग मला सगळं गाव फिरवलं. हात जोडून माणसं उभी, आणि मी बसलेली. एवढा लांब रस्ता मी उभ्या आयुष्यात चालले नाही.

तुझी टोपली ओट्यावर राहिली. लाल फडक्याखाली टिळा लावलेलं अंडं, मासा, बूच घट्ट मारलेली बाटली. एक थेंब सांडलेला नाही. आणि योमरींची माळ. एकीचंही तोंड उघडलेलं नाही, सगळ्यांच्या शेपट्या एका बाजूला.

पंचलाल भोजाला बसला नाही. टोपली मांडीवर घेऊन आव्यापाशी बसून राहिला. मी जवळ गेले. म्हटलं, "मला वाटलं, मलाच हाक मारलीस."

तो म्हणाला, "तुला कशाला एवढ्यानं ओरडेन? तू तर समोरच होतीस."

मग टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाला, "चमा, ती माझ्याकडे बघत होती गं."

चमा म्हणाला. सहा वर्षांनी. मला वाटलं होतं, हा शब्द परत ऐकला तर जीव जाईल. उलट, घरात दिवा लागल्यासारखं झालं.

तता, हाक तुझी होती. इतकी वर्षं त्या शब्दाकडे कान लावून बसले होते ना, म्हणून तो येताच मी झडप घातली. ती कुणाला आहे ते बघितलंसुद्धा नाही. आणि वर गंमत केली. तू एवढ्या लांबून, त्या गुडघ्यांनी, दोन बसा बदलून आलीस, आणि तुझ्या हाती काय पडलं? चौकभर हसू.

सगन मी घेतलेलं नाही. माहेरचं सगन टोपलीतून उचलायचं नसतं, हातातून घ्यायचं असतं. माळही मैचाला घातली नाही. ती रोज हात पुढे करून मागते, पंचलाल म्हणतो, "थांब, अजि घालेल." म्हणून टोपली आहे तशी बरोबर आणलीय. अंडं आता खायचं राहिलेलं नाही, ते नवीन उकडायला लागेल.

लोक मला देव म्हणून हात जोडतात. परवा तर म्हाताऱ्या लोहारणीनं पाय धरले, मला रडू आलं. मी आता कुणापुढे वाकायचं नाही म्हणतात. जोशाला विचारायला मी गेले नाही, तो पंचांग उघडून बसेल. मी तुझ्यापुढे वाकणार आहे. पाय मागे ओढलेस तर तेवढी पुढे सरकेन.

रमिला, इथं थांब. तिला पाणी दे. मग खिडकी उघड.

आम्ही खाली अंगणात उभे आहोत. मी, पंचलाल, आणि त्याच्या खांद्यावर मैचा. आधी पत्र वर पाठवलं, कारण तोंडानं सांगायला गेले असते तर माझ्या तोंडातून काय निघालं असतं याचा मलाच भरवसा नाही.

थोड्या वेळात तो हाक मारेल. बसमध्ये त्यानं दोनदा घसा खाकरून बघितलाय. मी तोंडात अक्रोड धरून उभी राहणार आहे, तुझाच, म्हपूजेचा, सगळ्यात मोठा. तो तोंडात असला की मला ओ देता यायची नाही.

या वेळी तू दे.